वरच्या मजल्यावरची हवा

२ फेब्रुवारी, सोमवार

ड्रायक्लीनिंगवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "भाऊ, आजपासून सगळं लिहून ठेवा. कोण आलं, काय बोललं, किती वाजता. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तोंडी बोलणं कुणी ऐकत नाही." म्हणून ही वही. जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितोय. नवी वही आणायची तर बाजारात जायला हवं, आणि आज मी बाजारात गेलो तर कुणाचं तरी डोकं फोडीन.

सकाळी सव्वादहाला टपालाने नोटीस आली. पर्यावरण खात्याची. ज्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानांवर माणसं राहतात, तिथली सॉल्व्हंटची मशीन दीड वर्षात बंद करायची. नाहीतर नव्या पद्धतीची मशीन घ्यायची, जिची किंमत ऐकून मी उभा होतो तो खाली बसलो. एकतीस वर्षं हे दुकान चालवतोय. पाण्यात घातला की आकसणारा लोकरीचा कोट, डागाळलेला पडदा, जे कुणाच्या घरी धुता येत नाही ते आम्ही सॉल्व्हंटमध्ये घुसळून स्वच्छ करतो. दिसायला पाणीच, पण तेलाचा डाग बघता बघता गायब. याच औषधावर मी लेकीला शिकवलं, वरचं घर बांधलं. आता कुणी साहेब खुर्चीत बसून म्हणतो की ते विष आहे. विष असतं तर मी एकतीस वर्षं काय भूत होऊन काउंटरवर बसलो होतो?

नोटिशीला तक्ता जोडलाय. वर लिहिलंय 'खर्च आणि फायदा'. खर्चाच्या बाजूला दुकानं, मशिनी, कामगार. फायद्याच्या बाजूला एकच ओळ: या शहरात टाळता येणारे गंभीर आजार, वर्षाला पाऊण.

पाऊण! पाऊण माणूस आजारी कसा पडतो? कमरेपासून खाली ठणठणीत राहतो का? मी मेजरला तो तक्ता वाचून दाखवला. मेजर म्हणजे माझा इस्त्रीवाला. ताठ उभा राहतो म्हणून मेजर, पलटणीचं तोंडही पाहिलेलं नाही. तो म्हणाला, "मालक, उरलेला पाव माणूस कामावर येत असेल." हसलो खरा, पण जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

संघटनेची सभा. चाळीसेक दुकानदार आणि चहा गार. अध्यक्षांची अकरा दुकानं आहेत आणि ते स्वतः टेकडीवरच्या बंगल्यात राहतात. त्यांनी हरकतींचा मसुदा वाचला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सुनावणीत बोलायला भाऊंनाच उभं करायचं. ते दुकानाच्या वरच राहतात. वहिनी, लेक, तान्ही नात, सगळे त्याच छपराखाली. कुणाला काही झालंय का? याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला?"

टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला माईक देतो म्हणालं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भांडी विसळत होती. म्हणाली, "पुरावा म्हणे. मला विचारलं का कुणी?" बायकांना कशाचं म्हणून कौतुक नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

खात्याची तपासनीस आली. पस्तिशीची बाई, पायात बूट, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. मी खुर्ची दिली, बसली नाही. मशीनभोवती फिरली, दाराच्या रबरावरून बोट फिरवलं, छताकडे बघितलं. मशीनच्या वर पाइप जातात तिथे छताला भोक आहे, पूर्वीपासूनचं. ते बघून वहीत काहीतरी खरडलं.

मी म्हटलं, "बाई, हे बघा," आणि सरळ बादलीतल्या सॉल्व्हंटमध्ये कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढून दाखवला. "जळला का? गळून पडला का?"

तिने हाताकडे बघितलं. पांढरट पडलाय, सालं निघतात, आमच्या धंद्यात सगळ्यांचे असेच असतात. "असं करू नका," एवढंच म्हणाली. मग पिशवीतून काडेपेटीएवढा एक बिल्ला काढला आणि मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवला. या बिल्ल्यात म्हणे हवेतलं सॉल्व्हंट शोषलं जातं. सात दिवस लटकवायचा, मग प्रयोगशाळेत मोजतात. "हात लावायचा नाही. उन्हात, पावसात न्यायचा नाही. पुढच्या सोमवारी येते."

मी विचारलं, "गळती आहे की नाही ते मला नाकानेच कळतं, हे खेळणं कशाला?" आमचा धंदाच नाकाचा. कोट ड्रममधून काढला की नाकाशी धरायचा. वास आला तर ओला आहे, परत टाकायचा. नाही आला तर झाला. ती म्हणाली, "आत्ता येतोय का वास?" मी मोठा श्वास घेतला. "अजिबात नाही." तिने तेही लिहून घेतलं. घे बाई, लिही, तुला त्याचाच पगार आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

विचार केला. या लोकांचा भरवसा काय? आकडा तिकडे बनवायचा, नाव इकडच्या हवेचं. गेल्या वर्षी रंगवाल्याचं दुकान असंच एका कागदावर बंद केलं. तो आता भावाच्या दारात राहतो, आणि भावजय त्याला ताट वाढताना भांडी आपटते.

म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी बिल्ला काढला. कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. बाहेर नेला तर पाऊस-ऊन लागून खराब होणार. डब्यात बंद केला तर शून्य येणार आणि संशय येणार. शेवटी वर घरी नेला आणि मागच्या खोलीत, पाळण्याच्या वर, खिडकीच्या पडद्यामागे खिळ्याला अडकवला. घर ते घर. तिथली हवा चांगलीच असणार, आणि थोडंफार काही आलं तर दुकानाचं म्हणून खपेल. मागच्या खोलीत लेक आणि नात ठमी झोपतात. जावई जहाजावर, म्हणून लेक बाळाला घेऊन सहा महिने इथेच आहे. तिला म्हटलं, डासांचं औषध आहे, हात लावू नकोस.

मेजरने मोकळा खिळा बघितला. "मालक, बिल्ला रजेवर गेला वाटतं." म्हटलं, तू तुझी इस्त्री बघ.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक गिऱ्हाईक बाई कोट घेऊन परत आली. म्हणे वास मारतो, गाडीत घातला तर मळमळलं. मी तिच्यासमोर नाकाशी धरला. काहीही नाही. हल्ली लोकांची नाकं फारच नाजूक झालीत. मेजर मागून म्हणतो, "ओला आहे मालक." गिऱ्हाइकासमोर! ती गेल्यावर त्याला असा झापला की दिवसभर बोलला नाही.

वर हिची वेगळीच कटकट. लोणी फेकून दिलं. म्हणे लोण्याला दुकानाचा वास लागतो, मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेली बाळाची क्रीमसुद्धा तशीच. मी चाखून बघितलं, लोण्यासारखं लोणी. लेक म्हणाली, "आई, त्यांना सांगून काही उपयोग आहे का?" आणि डोकं धरून आडवी झाली. सकाळी उठली की तिचं डोकं दुखतं. रात्रभर मोबाइल बघितल्यावर आणखी काय होणार?

ठमीचा मात्र त्रास नाही. गुणाची पोर. आठ महिन्यांची, पण दुपारी पाळण्यात टाकली की चार-चार तास गाढ. रडणं नाही, ओरडणं नाही. शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे बाळ आहे ना नक्की?

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बिल्ला गुपचूप खाली आणून जागेवर अडकवला. बाई बारा वाजता आली. बिल्ला डबीत घातला, वर नाव, पत्ता, 'मशीनशेजारी' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. मी झोकात केली.

दुपारी अध्यक्ष आले. वर चहाला नेलं. ठमीला मांडीवर घेतलं, मोबाइलवर तिचा फोटो काढला. "काय गुबगुबीत आहे हो! ही आपली खरी साक्षीदार." लेकीला ते आवडलं नाही. "बाळाचा फोटो कशाला हवाय काकांना?" असं मला नंतर विचारलं. म्हटलं, कौतुकाने काढला असेल, तू प्रत्येकात खोट काढू नकोस.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकलो!!

अहवाल आला. दुकानासाठी मर्यादा शंभर. आमच्याकडे निघालं एकसष्ट. 'मर्यादेच्या आत', शिक्क्यासकट. मी तो कागद मेजरच्या नाकासमोर नाचवला. अध्यक्षांना फोन केला तर त्यांनी स्पीकर चालू करून आणखी कुणाकुणाला ऐकवलं. शहरातल्या आणखी अकरा दुकानांत बिल्ले लावले होते, सातजण नापास. अध्यक्ष म्हणाले, "दुकानावर घर असलेलं आणि पास झालेलं तुमचं एकटंच. तुमचा कागद म्हणजे आमचा हुकमाचा एक्का."

मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली. बिल्ला जागेवर ठेवला असता तर काय निघालं असतं देव जाणे.

३ मार्च, मंगळवार

पत्रकं छापून आली. गठ्ठा काउंटरवर ठेवलाय. वर मोठ्या अक्षरात 'आमची मुलं याच छपराखाली वाढली', खाली ठमीचा फोटो, त्याखाली एकसष्टचा आकडा. लेकीने बघितलं आणि एक पत्रक टराटरा फाडलं. "मला विचारलं का? हिच्या आईला विचारलं का?" मी म्हटलं, तुझ्याच बापाच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "तुमचं पोट आणि माझं बाळ एकच आहे का?" असली भाषा. शिकवलं त्याचं हे फळ. दिवसभर आम्ही बोललो नाही. ही मधल्या मध्ये दोघांना वाढत होती.

मेजर आज दोनदा बाहेर जाऊन पायरीवर बसला. म्हणे भिंत हलल्यासारखी वाटते. वय झालं त्याचं. इस्त्रीच्या वाफेत उभं राहायचं म्हणजे चक्कर येणारच. त्याला लिंबूपाणी दिलं, लवकर घरी पाठवला.

९ मार्च, सोमवार

आज लिहितो खरं. लिहिणार तरी कुणासाठी, कोर्टासाठी तर नक्कीच नाही.

तपासनीस बाई साडेअकराला आली, अहवालाची सही-शिक्क्याची प्रत द्यायला. मी चहा मागवला. जिंकलेल्या माणसाला चहा परवडतो. म्हटलं, "काय बाई, निघालं ना आमचं स्वच्छ?" ती म्हणाली, "दुकानापुरतं. वर घर आहे म्हणून तिथेही मोजायचंय. सुनावणी झाली की दुसऱ्या दिवशी येते."

"वर काय, वर कमीच असणार."

"असायलाच हवं. घराची मर्यादा दोन आहे."

मला वाटलं हिची जीभ घसरली. "दोनशे?"

"दोन. तक्त्याच्या मागच्या पानावर आहे, बहुतेक लोक ते उलटतच नाहीत. दुकानात मोठी माणसं असतात, आठ तास थांबतात, शटर उघडं असतं. घरात लहान मूल चोवीस तास. त्याचं वजन किती, श्वास किती. आणि ही वाफ भोकांतून, भिंतीतून वर चढते, बंद खोलीत साठते." छताच्या भोकाकडे तिने हनुवटीने दाखवलं. "तुमच्याकडे मशीनशेजारीच एकसष्ट आहे, म्हणजे वर बरंच कमी मिळेल अशी आशा आहे."

ती गेली. चहा तसाच राहिला. मी शिक्क्याचा कागद हातात धरून उभा होतो. मशीनशेजारी, असं लिहिलंय त्यावर. खाली माझी सही.

एकसष्ट. दोन.

वर गेलो. मागच्या खोलीत ठमी झोपली होती, दुपारचे बारा, पडदे ओढलेले. मी तोंड उघडून श्वास घेतला, नाकाने घेतला, पाळण्यावर वाकून घेतला, उशी नाकाशी धरली. काही नाही. काहीच नाही! ही दारात आली. "काय करताय?"

"इथे वास येतो का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही विचारताय?"

"येतो की नाही ते सांग."

"या घरात पाऊल टाकलं त्या दिवसापासून येतो. पहिली पाच वर्षं सांगितलं. मग सोडून दिलं." मग म्हणाली, "तुम्हाला येत नाही?"

"नाही."

"अंथरुणाला येतो, पडद्याला येतो, तुमच्या केसांना येतो. तुम्हाला येत नाही?"

मी तिच्यावर खेकसलो. काय म्हणून खेकसलो ते आठवत नाही. खरं तर मला ओरडायचं होतं दुसऱ्याच माणसावर, आणि तो माझ्याच चपला घालून उभा होता.

पाळणा मी स्वतः उचलून पुढच्या खोलीत आणला, रस्त्याकडच्या खिडकीखाली. लेकीला सांगितलं, मागे उकडतं. ती चकित झाली. बापाला बाळाचं सुचलं म्हणून तिने मला चहा करून दिला.

१० मार्च, मंगळवार

मशीन बंद ठेवायला हवी, एवढं कळतं मला. पण हॉटेलवाल्याचे साठ पडदे आलेत आणि शुक्रवारी द्यायचेत. नाही दिले तर तो परत आयुष्यात इकडे फिरकणार नाही. आज मशीन बंद केली तर मेजर विचारेल का, अध्यक्ष विचारतील का, गल्ली विचारेल का. शुक्रवारी सुनावणी आहे. चार दिवसांनी काय बिघडतंय? सहा महिने राहिली की पोर, चार दिवसांनी काय होणार? पाळणा पुढे आणलाय. खिडकी उघडी आहे.

छताचं भोक चिंध्या कोंबून बुजवलं. हे काम एकतीस वर्षांत कधीही करता आलं असतं. अर्धा तास लागला.

खात्याचा राग येतो. मर्यादा दोन आहे तर ती मागच्या पानावर का लपवता? पाऊण आजार लिहिता, मग त्याच्यापुढे 'घरातलं मूल' असं सरळ का नाही लिहीत? आम्हाला काय स्वप्न पडणार होतं? मशीनच्या दाराचं रबर विकणाऱ्याचा राग येतो, घर बांधणाऱ्या गवंड्याचा येतो. सगळ्यांवर रागावून झालं तरी काहीतरी उरतंच.

११ मार्च, बुधवार

ठमी आज दुपारी झोपली नाही. कालही फारशी नाही. पुढच्या खोलीत चादरीवर बसून डबा आपटत होती, किंचाळत होती, हसत होती. लेक म्हणाली, "जागा बदलली ना, म्हणून बिथरलीय. किती शांत होती." हिने माझ्याकडे बघितलं फक्त.

मशीनच्या तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी बटण दाबताना वाटत होतं की वरून आवाज येईल. डबा आपटल्याचा येत होता.

डॉक्टरकडे न्यावं का हा विचार आला. डॉक्टर विचारणार, काय झालंय? मग सांगावं लागणार. शुक्रवारनंतर बघू.

१२ मार्च, गुरुवार

अध्यक्षांनी माझं भाषण लिहून पाठवलं. 'मी, माझी पत्नी, माझी कन्या आणि माझी लाडकी नात.' लाडकी म्हणे. त्यांनी तिला एकदा मांडीवर घेतलंय. मेजर म्हणाला, "पाठ करा मालक, तुमच्या एकट्याचं नाही, आमचंही घर त्याच्यावर आहे." त्याच्या दोन मुलींच्या फिया आहेत. त्याला तरी काय तोंडाने सांगू? बिल्ला मी हलवला होता हे त्याला ठाऊक आहे. कुठे टांगला ते ठाऊक नाही.

पाठ केलं. पडदे झाले. पन्नास घड्या घालून ठेवलेत, दहा उरलेत.

१३ मार्च, शुक्रवार

सुनावणी महापालिकेच्या मोठ्या खोलीत. पंखे कुरकुरत होते. समोर खात्याचे तीन साहेब, कडेला तपासनीस बाई फायली घेऊन. अध्यक्ष आधी बोलले. रोजगार, छोटा धंदा, परदेशी मशीनवाल्यांचं कारस्थान. सगळं बरोबर होतं, मी माना डोलावत होतो. मग त्यांनी एक मोठा फलक उभा करायला सांगितला. पुरुषभर उंचीचा. त्यावर ठमी. बोळकं पसरून हसणारी, आणि तिच्या छातीवर छापलेलं '६१'.

"साहेब, हे बाळ मशीनच्या डोक्यावर झोपतं! आणि मशीनशेजारची हवा बघा, मर्यादेच्या आत. मग कुणाला वाचवताय तुम्ही?"

टाळ्या. मला माईक दिला. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं आलंच नाही.

"तो फलक खाली घ्या," मी म्हटलं.

अध्यक्ष हसले. "भाऊ जरा भावुक झालेत."

"खाली घ्या म्हणतो ना! कुणी सांगितलं होतं तिला इथे टांगायला? तो आकडा मशीनशेजारचा नाही. बिल्ला मी उचलला होता. मी. घरात नेऊन लावला, सहा दिवस. पाळण्याच्या वर, हातभर अंतरावर. एकसष्ट आहे तिथे. दोन पाहिजे तिथे एकसष्ट आहे!"

काय गलका झाला! कुणी तरी 'फितूर' म्हणालं, कुणी 'किती मिळाले?' असं ओरडलं. अध्यक्ष माईक ओढायला लागले, मी सोडेना, त्या ओढाताणीत फलक पालथा पडला. मी साहेबांवरही तोंड सोडलं. "आणि तुम्ही! पाऊण माणूस लिहिता! तो कुठे राहतो ते शोधायला एकदा तरी जिना चढून वर आलात का?"

मधला साहेब म्हणाला, "शांत व्हा. बसून बोला." तपासनीस बाईने मान वर केली. "बिल्ला कधी हलवलात?" सांगितलं. "परत कधी लावलात?" सांगितलं. तिने लिहिलं. मग पेन थांबलं. "मूल अजून त्या खोलीत आहे?"

"पुढच्या खोलीत आणलंय."

"मशीन?"

मी पालथा पडलेला फलक उचलायला वाकलो. तिने तेही लिहिलं.

नियम असा आहे म्हणे: बिल्ल्याला हात लावला की नमुना बाद. म्हणजे एकसष्ट हा आकडा खात्याच्या कागदावरून आज कटाप झाला. खोटा होता तोवर शिक्का होता, खरा सांगितला तेव्हा रद्द. छेडछाडीबद्दल मशीनला सील. उद्या सकाळी वरची हवा नव्याने मोजणार. बाहेर येताना एकही दुकानदार माझ्याशी बोलला नाही. मेजर फाटकापाशी उभा होता. त्यानेही नजर चुकवली. मग चार पावलं मागून आला आणि म्हणाला, "घरी सोडतो तुम्हाला."

१४ मार्च, शनिवार

बाई नऊला आली. मशीनच्या बटणावर कागद चिकटवून लाख लावली. वर जाऊन दोन बिल्ले टांगले, एक मागे, एक पुढे. हिला आणि लेकीला समोर बसवून काय असतं, काय होऊ शकतं, कुठल्या तपासण्या करायच्या ते सगळं नीट सांगितलं. दवाखान्याचं नाव लिहून दिलं. होईलच असं नाही, पण बघून घ्या, म्हणाली. वाईट बाई नाही ती. तिच्यावर रागवायला आता मला कारण राहिलेलं नाही आणि त्याचाही राग येतो.

ती गेल्यावर लेक मागच्या खोलीत बॅग भरायला लागली. मैत्रिणीकडे जाते म्हणाली, आधी दवाखाना, मग तिकडे. मी दारात उभा राहिलो. तिला रडायचंही भान नव्हतं, कपडे नुसते कोंबत होती.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"म्हणून पाळणा हलवलात. उकडतं म्हणून नाही."

"हो."

"मंगळवारी मशीन चालू होती?"

"होती."

"बुधवारी? गुरुवारी?"

मी मान हलवली.

"का?"

मी सांगायला लागलो. हॉटेलचे पडदे. मेजरच्या मुली. एकतीस वर्षांचं नाव. सुनावणी तीन दिवसांवर. लोक काय म्हणतील. एकेक सांगत गेलो आणि ती एकेक ऐकून घेत होती, अगदी शांतपणे, माझं बोलणं मध्ये न तोडता. सगळी कारणं खरी होती. एकही खोटं नव्हतं.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "हे झालं एका बाजूचं. दुसऱ्या बाजूला काय धरलं होतंत, बाबा?"

ठमी तिच्या कडेवर होती. माझ्या चष्म्याला हात घालायला बघत होती. मला उत्तर माहीत होतं, ते समोर होतं. महिनाभर मी त्या तक्त्याला शिव्या घातल्या. माणसं मोजता काय रे, म्हटलं. तक्ता करणाऱ्याने निदान पाऊण तरी लिहिला होता. मी चार दिवस मोजलं आणि त्या बाजूला काहीच लिहिलं नाही.

ही पण तयार झाली, लेकीबरोबर जाते म्हणाली. किती दिवस ते सांगितलं नाही. मी बॅगा खाली नेल्या, टॅक्सीत ठेवल्या, दार लावून दिलं. रस्त्यावर धूळ उडत होती म्हणून हात आत घालून मागची काच वर केली. लेकीने माझ्याकडे न बघता ती पूर्ण खाली केली आणि ठमीला खिडकीशी धरून बसली.